चीतपटीनंतरची झुंज

आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते गादीवर. पण तेथेही खांदे टेकणे म्हणजे हारच. 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' या प्रकारात मात्र ठोसे, लाथा व कुस्ती एकत्र येतात आणि खरी झुंज पुष्कळदा पाठ टेकल्यावरच रंगते. १९९३ साली डेन्व्हरला पहिल्या यूएफसी स्पर्धेत सडपातळ रॉइस ग्रेसी जमिनीवरच्या डावांनी जिंकला. आपल्या मल्लाचा एकेरी पट येथे उपयोगी खरा. पण पट काढताना मान पुढे राहिली, तर गळा प्रतिस्पर्ध्याच्या काखेत सापडतो. कुस्तीत गळा आवळण्यास मनाई, तेव्हा त्या बचावाची सवय कोठून असणार? अशा वेळी हाताने थाप द्यावी, लढत तेथेच थांबते. थाप देण्यास लाजणारा गडी मात्र काही क्षणांत शुद्ध हरपतो.