मोडाची किमया

आमच्या गोरेगांवांत तान्ह्या मुलाला वरचें अन्न सुरू करावयाचें झालें, म्हणजे घरांतील वडील बाई प्रथम नाचणी भिजत घालते. तिला मोड आणावे, वाळवून दळावी आणि त्या पिठाची पेज मुलास द्यावी, हा आपला जुना प्रघात. मोडाचाच आग्रह कां, याचें उत्तर आज शास्त्र देऊं शकतें.

गव्हाचा दाणा घ्या. त्याच्या एका टोंकास गर्भ असतो. बाकीचा बहुतेक दाणा म्हणजे पिष्टाचें कोठार. परंतु हें पिष्ट गर्भाला तसेंच खातां येत नाहीं. दाणा भिजला, कीं गर्भ जागा होऊन जिबरेलिन नांवाचें संप्रेरक सोडतो. हा जणूं त्याचा हुकूमच! कोंड्याला आंतून लागून पेशींचा एक पातळ थर असतो. हुकूम पोंचतांच तो अमायलेज हें एन्झाइम तयार करूं लागतो. तें पिष्टाच्या लांब सांखळ्या तोडतें. मोडाच्या धान्याला येणारी गोडी ती हीच. अवेळीं मोड येऊं नयेत म्हणून अ‍ॅब्सिसिक आम्ल हें दुसरें संप्रेरक या कामाला आडकाठी करतें.

जिबरेलिनचा शोध लागला तो एका रोगावरून. १९२६ सालीं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें दाखविलें, कीं भाताचीं रोपें भलतींच उंच वाढतात तीं एका बुरशीच्या स्रावामुळें. पुढें १९६० मध्यें जपानांत योमो व ऑस्ट्रेलियांत पॅलेग यांना आढळलें, कीं गर्भ काढलेल्या जवाच्या दाण्याला जिबरेलिन दिलें, तरी त्यांतील पिष्ट फुटूं लागतें. हुकूम कोणाचा, हें तेव्हां उलगडलें.

आतां मूळ मुद्दा. दाट पेज तान्ह्याला गिळवत नाहीं. पाणी घालून पातळ केली, तर पोट भरतें पण पोषण होत नाहीं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या दशकांत दाखविलें, कीं दाट पेजेंत मोडाच्या धान्याचें थोडेंसें पीठ कालविलें, तर ती पाण्यावांचून पातळ होते. अन्न तेवढेंच राहतें, घोंट मात्र सोपा होतो.

मातांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मोडाचें धान्य करपेपर्यंत भाजूं नये. फार उष्णतेनें एन्झाइम मरतें. पेज कढत नसतां, कोमट असतांना पीठ कालवावें आणि ती पातळ झाल्यावर पुन्हां एक उकळी आणावी. ज्वारीचे मोड मात्र मुलास देऊं नयेत. त्यांतून सायनाइड हें विष निघतें.

आजीला अमायलेज ठाऊक नव्हतें. पण पेज केव्हां सैल होते, हें तिची पळी तिला सांगत असे.