निर्मूलन : नारूचे आणि दारिद्र्याचे

'निर्मूलन' हा शब्द आपण सरकारी फलकांवर इतक्या वेळा वाचलेला असतो की त्याच्या अर्थाकडे लक्षच जात नाही. हिवताप निर्मूलन, दारिद्र्य निर्मूलन, अंधश्रद्धा निर्मूलन. सगळीकडे शब्द एकच. अर्थ सरळ आहे : मुळासकट उपटणे. रोगांच्या बाबतीत तो अधिक काटेकोरपणे वापरला जातो. रुग्ण कमी करणे म्हणजे नियंत्रण. एखाद्या देशात रोगाचा फैलाव थांबवणे ही त्यापुढची पायरी. साऱ्या पृथ्वीवर रुग्णसंख्या कायमची शून्यावर आणली, तरच ते निर्मूलन. या अर्थाने माणसाने आजवर दोनच रोग संपवले आहेत. १९८० मध्ये देवी संपल्याचे जाहीर झाले आणि २०११ मध्ये गुराढोरांचा बुळकांडी रोग.

देवीचे यश कशामुळे शक्य झाले, हे आधी पाहू. देवीचा विषाणू फक्त माणसांत राहत असे. प्राण्यांत त्याला आसरा नव्हता. रोग अंगावर दिसे, त्यामुळे रुग्ण लपत नसे. एकदा लस टोचली की संरक्षण बराच काळ टिके. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली, तेव्हा जगात वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या. सरसकट सर्वांना लस टोचत बसण्याऐवजी रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना लस टोचून साखळी तोडायची, ही युक्ती निर्णायक ठरली. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावी सापडला. अली माओ मालिन हे त्याचे नाव. तो रुग्णालयात स्वयंपाकी होता.

हिवतापाची कथा उलटी आहे. १९५५ मध्ये त्याच्या जागतिक निर्मूलनाची घोषणा झाली. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीमुळे १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. मग डासांना डीडीटी सोसू लागले, फवारणीत ढिलाई आली आणि रोग आटोक्यात आला असे समजून लक्ष दुसरीकडे वळले. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. मूळ जमिनीत राहिले, की रोप पुन्हा फुटते.

या दोन टोकांच्या मध्ये नारू येतो. नारूवर लस नाही. तो मारणारे औषध नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. तरीही तो संपत आला आहे.

नारूचे जीवनचक्र समजले की त्याचे कारण कळते. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा जेमतेम डोळ्यांना दिसणारा पाणकिडा असतो. नारूच्या अळ्या त्याच्या पोटात जातात. ते पाणी माणूस पितो. किडा पोटात मरतो, अळ्या शरीरात शिरतात आणि सुमारे वर्षभर काहीच जाणवत नाही. मग पायाला फोड येतो, आग होते आणि त्यातून हातभर किंवा त्याहून लांब मादी बाहेर येऊ लागते. ती ओढून काढता येत नाही. तुटली तर जखम चिघळते. काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी काढावी लागते. आग शमवण्यासाठी रुग्ण पाय पाण्यात बुडवतो, त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

यात माणूस मरतो क्वचितच, पण आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो, आणि तेही पुष्कळदा पेरणी-काढणीच्या दिवसांत. मालीमधील डोगोन लोक नारूला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात. गरिबीमुळे घाण पाणी प्यावे लागते, त्यातून नारू होतो, नारूमुळे शेत पडते आणि गरिबी वाढते.

हे चक्र तोडायला दोन जागा पुरेशा आहेत : पाणी गाळून पिणे आणि नारू निघालेला पाय पाण्यात जाऊ न देणे. भारतात १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण होते. आपल्याकडे पायऱ्यांच्या बारवा हे नारूचे माहेरघर. माणूस पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि तिथेच घागर भरतो. नारूला याहून सोयीची रचना नाही. म्हणून बारवा बुजवल्या, किंवा पायऱ्या बंद करून त्यांचे आड केले. पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकून सायक्लॉप्स मारले. घरोघरी गाळण्यासाठी फडकी दिली. आणि हापसे बसवले.

या हापशाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. देशभर खेडोपाडी दिसणारा 'इंडिया मार्क टू' हा हापसा सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या साहाय्याने तयार झाला. त्याची मूळ कल्पना जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून घडलेल्या पंपांची होती. घरगुती वापराचे ओतीव लोखंडी पंप गावाच्या वापराला टिकत नव्हते. दिवसभर शेकडो हात पडले तरी टिकेल असा सांधा या पंपांत सापडला.

भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. त्यानंतरही शोध चालू राहिला. रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस होते. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त म्हणून प्रमाणित केले. जगात १९८६ मध्ये वर्षाला सुमारे पस्तीस लाख रुग्ण असत. माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने त्या वर्षापासून मोहिमेचे नेतृत्व केले. १९९५ मध्ये सुदानमधील यादवी युद्ध नारूच्या कामासाठी काही महिने थांबवण्यात आले. २०२१ ते २०२४ या काळात कोणत्याही वर्षी पंधराहून अधिक माणसांना नारू झाला नाही.

मग शून्य का नाही? चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला. आता दरवर्षी शेकडो प्राण्यांत तो आढळतो. फक्त माणसांत राहणारा रोग, हे मोहिमेचे गृहीतक ढासळले. पहिली मुदत १९९५ होती. ती अनेकदा सरकत आता २०३० वर आली आहे. शेवटचे पंधरा रुग्ण शोधायला, आधीचे लाखो कमी करण्यापेक्षा अधिक चिकाटी लागते, कारण पंधरा रुग्णांसाठी पैसा आणि माणसे कशाला, असा प्रश्न नेमका तेव्हाच विचारला जातो. हिवतापात आपण हेच पाहिले.

आता दारिद्र्याकडे वळू. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत दारिद्र्य संपवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. नारूचीही मुदत तीच. पण नारूचा शेवटचा रुग्ण ओळखता येतो. त्याच्या पायातून नारू निघतो. दारिद्र्यात शेवटचा गरीब कोण, हे रेषा ठरवते. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला २.१५ डॉलर होती. २०२५ मध्ये नव्या किंमतींच्या आधारे आणि गरीब देशांनी आपापल्या रेषा वर नेल्यामुळे ती तीन डॉलर झाली. त्याबरोबर २०२२ सालातील अतिगरिबांचा आकडा सुमारे एकाहत्तर कोटींवरून सुमारे चौऱ्याऐंशी कोटींवर गेला. नवी रेषा अधिक वास्तव आहे. पण जो आकडा रेषेबरोबर हलतो, त्याचे शून्य नारूच्या शून्यासारखे नसते.

याचा अर्थ दारिद्र्य निर्मूलनाची भाषा फोल आहे, असा मी काढत नाही. दारिद्र्याला एक मूळ नाही, पण त्याची पुष्कळ मुळे आहेत आणि त्यांपैकी काही नारूइतकीच स्पष्ट दिसतात : पिण्याचे पाणी, आजारपणाचा खर्च, पिकाच्या मोसमात वाया गेलेले दिवस. भारतातील बारवांतून नारू गेला. ते पाणी अतिसार आणि कावीळ देणार नाही, याची हमी मात्र त्यामुळे मिळाली नाही. मोहिमेने आपल्या रोगाचे मूळ उपटले. पाण्याचा प्रश्न मोहिमेच्या कक्षेबाहेर राहिला आणि तो आजही हापशाच्या दुरुस्तीवर, टँकरच्या फेऱ्यांवर आणि नळाला येणाऱ्या पाण्याच्या तपासणीवर अवलंबून आहे.

म्हणून पुढच्या वेळी 'निर्मूलन' लिहिलेला फलक दिसला, की तीन प्रश्न विचारावेत. नेमके कोणते मूळ उपटायचे ठरले आहे? शेवटची घटना घडली, हे कशावरून ओळखायचे? आणि आकडा शून्याजवळ आल्यावर पाहत राहण्याचे काम कोणाकडे आहे? नारूच्या मोहिमेकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती. शेवटचा रुग्ण सापडल्यानंतरही भारतात साडेतीन वर्षे त्याचा शोध चालू होता.