पापडात कोण लपलंय?

उन्हाळा लागला, की केळना नदीकाठच्या भोकरदनमध्येही गच्चीवर, अंगणात पापड वाळू लागतात. घरातल्या बायका उडदाचं पीठ कुटत असतात आणि पोरं लाट्या पळवायला टपलेली असतात!

आता समजा, डॉक्टरांनी आजीला सांगितलंय, "रक्तदाब वाढलाय, मीठ कमी करा." आजी भाजीत मीठ कमी घालते, पण जेवताना दोन पापड घेते. "पापडात असं कितीसं मीठ असतंय रे?" म्हणते.

मुलांनो, आजी इथंच फसते. डॉक्टरांना काळजी असते ती मिठातल्या सोडियमची. हा धातू १८०७ साली हंफ्री डेव्ही यांनी कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्याने वेगळा केला. तो चाकूने कापता येतो, पाण्यात टाकला तर भडकतो. म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात. पण क्लोरिनशी जोडी जमली, की त्याचंच साधं मीठ होतं. कार्बोनेटशी जमली, की धुण्याचा सोडा. खायच्या सोड्यात आणि पापडखारातही सोडियम असतंच. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात तर मीठ आणि सोडा दोन्ही एकत्र नांदतात.

करून पाहा : हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावा. वाळल्यावर त्याचे दोन तुकडे करा. एकावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका, दुसऱ्यावर पापडखाराच्या पाण्याचा. पहिला पिवळाच राहील, दुसरा लालसर होईल. दोन्हींत सोडियम आहे, पण सोबती वेगळे, म्हणून गुणही वेगळे. (मोठ्यांना सोबत घ्या. खाराचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

म्हणजे जिभेला खारट लागलं, तरच सोडियम, असं नाही! ५ ग्रॅम मिठात सुमारे २ ग्रॅम सोडियम असतं; तेवढ्याच खायच्या सोड्यात सुमारे १.४ ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सैंधवही मुख्यतः तेच मीठ, बरं का! सोडियम वाईट नाही. नसांतून संदेश जायला ते लागतंच. फक्त हिशेब हवा. पापडात तर मीठ आणि खार, दोघंही असतात.

तेव्हा पुढच्या वेळी आजीच्या ताटात पापड वाढण्याआधी तिला तो लाल झालेला कागद दाखवा. म्हणा, "आजी, मीठ मोजतेस ना? मग पापडही मोज!"