खेळ संपत नाही, खेळणारा मोठा होतो

दिल्लीत यमुनेच्या पूर्व काठावर पसरलेले मयूर विहार ही मुख्यतः मध्यमवर्गीयांची वसाहत. १९८० आणि १९९० च्या दशकांत इथे एकामागून एक गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहिल्या. सरकारी नोकर, पत्रकार, प्राध्यापक, बँक कर्मचारी इथे राहायला आले. बदली किंवा नोकरीच्या निमित्ताने दिल्लीकर झालेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. या घरांतली जी मुले नवे शतक सुरू होताना शाळेत होती, ती आता पस्तिशी-चाळिशीत पोहोचली आहेत.

घरात इंटरनेट येताना पाहणारी ही पहिली पिढी. तिच्यातल्या काहींनी आयुष्याची दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे एका दुसऱ्याच जगात काढली. तिथे ते योद्धे होते, मांत्रिक होते, जखमींना बरे करणारे वैद्य होते. मग एके दिवशी त्या जगात जाणे हळूहळू कमी झाले आणि थांबले. आई-वडिलांच्या ओरडण्याने जे झाले नव्हते, ते आपोआप झाले. हे कसे घडते? आणि घडते तेव्हा त्या माणसाच्या मनात फक्त सुटकेचा आनंद असतो, की आणखी काही?

शेवटची पाटी नसलेला खेळ

संगणकावरचे साधे खेळ सुरू होतात आणि संपतात. हजारो लोकांनी एकाच वेळी इंटरनेटवर खेळायचे भूमिकाप्रधान खेळ मात्र वेगळे. खेळाडू एक पात्र तयार करतो, त्याला नाव देतो आणि त्या पात्राच्या रूपाने एका अफाट प्रदेशात वावरतो. तो झोपला तरी ते जग चालूच राहते. बाजार भरतो, लढाया होतात, माणसे येतात-जातात. ‘खेळ समाप्त’ अशी पाटी तिथे कधीच येत नाही.

याची सुरुवात इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाली. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती, केवळ अक्षरे होती. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाईन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. २०१० मध्ये या शेवटच्या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. वर्गणी होती महिन्याला सुमारे १५ डॉलर, म्हणजे त्या काळातले साडेसहाशे-सातशे रुपये.

दिल्लीतल्या मुलांपुढे वर्गणीच्या आधी जोडणीचा प्रश्न होता. डायल-अपच्या काळात इंटरनेट चालू असले की घरचा फोन बंद, आणि बिल आले की घरात भांडण! २००५ मध्ये एमटीएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि चित्र पालटले. त्याच दशकात ‘रॅग्नारॉक ऑनलाईन’ आणि ‘ए-थ्री’ हे कोरियन खेळ भारतात आणले गेले. सायबर कॅफेंत मुलांची गर्दी होऊ लागली. पुढे ते भारतीय सर्व्हर बंद पडले. ज्यांना चटक लागली होती, त्यांनी परदेशी सर्व्हरची वाट धरली.

रात्री साडेबाराची हजेरी

‘मध्यरात्रीच खेळायची काय हौस?’ हा त्या काळी घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर घड्याळात होते. वॉरक्राफ्टचा भारतात स्वतंत्र सर्व्हर नव्हता, त्यामुळे इथले बरेच खेळाडू युरोपातल्या सर्व्हरवर जात. तिथले लोक कामावरून येऊन, जेवून रात्री आठला खेळायला बसत. हिवाळ्यात त्या वेळी भारतात साडेबारा वाजलेले असत.

सुरुवातीच्या काळात या खेळातल्या मोठ्या मोहिमांना ४० जण लागत. कोणी शत्रूचे वार अंगावर घ्यायचे, कोणी हल्ला करायचा, कोणी जखमा भरायच्या. वैद्याची भूमिका करणारा मध्येच उठला, तर बाकीच्यांची सारी मेहनत वाया. ‘आधी संगणक बंद कर’ असे आईने दारातून सांगितले आणि मुलाने ‘पाच मिनिटे’ म्हटले, तर तो नेहमीच टाळाटाळ करत नसे. नॉर्वे, पोलंड, स्पेनमधली माणसे त्याच्यावर विसंबून असत. आईला पडद्यावर केवळ राक्षस दिसे, मुलाला दिलेला शब्द दिसे.

अर्थात शब्द पाळताना सकाळची शाळा, परीक्षा आणि झोप यांची किंमत मोजावी लागे, हेही तितकेच खरे.

९२ म्हणजे अर्धी वाट

हे खेळ सोडवत का नाहीत, याचे एक साधे गणित आहे. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला ‘रूनस्केप’ घ्या. त्यात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक अशा प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या असतात. ९९ व्या पायरीला पोहोचायला १ कोटी ३० लाख गुण लागतात. ९२ व्या पायरीवर गुण होतात ६५ लाख. म्हणजे ९२ वर उभा असलेला मुलगा शिखराजवळ आलेला नसतो, तो अर्ध्या वाटेवर असतो! सुरुवातीच्या पायऱ्या काही मिनिटांत चढता येतात, शेवटची मात्र दिवसेंदिवस खाते.

दुसरी युक्ती बक्षिसांची. एखादी दुर्मिळ तलवार दर वेळी मिळत नाही. कधी पाचव्या लढाईत मिळते, कधी दोनशेव्या. बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसले, की माणूस प्रयत्न सोडत नाही. आणि इतकी वर्षे घातल्यावर आता सोडायचे तर सगळे फुकट गेले, ही भावना असतेच. बंद पडलेल्या धंद्यात पैसे ओतत राहणाऱ्या माणसाची अवस्थाही याहून निराळी नसते.

मग ओढ का सरते?

स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केलेल्या निक यी यांनी तीन वर्षांत सुमारे ३० हजार खेळाडूंकडून माहिती गोळा केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले. खेळाडूंचे सरासरी वय सुमारे २६ होते आणि ते आठवड्याला सरासरी २२ तास खेळत. म्हणजे हा निव्वळ शाळकरी पोरांचा उद्योग नव्हता. या लोकांना खेळातून मुख्यतः तीन गोष्टी हव्या होत्या: काही मिळवल्याचे समाधान, माणसांची सोबत आणि दुसऱ्या जगात रमणे.

बारकाईने पाहिले तर ओढ सरण्याचे उत्तर याच तीन गोष्टींत आहे. कॉलेज संपते, नोएडातल्या किंवा गुरुग्राममधल्या एखाद्या कंपनीत नोकरी लागते. तिथे जबाबदारी मिळते, कामाचे कौतुक होते. समाधानाची भूक तिथे भागू लागते. लग्न होते, घरात मूल येते आणि आता रात्री साडेबाराला जाग येते ती त्याच्या रडण्याने. खेळातले सोबतीही आपापल्या संसारात गुंततात. ज्या संघात एके काळी चाळीस जण जमत, तिथे चारच नावे दिसू लागतात.

शिवाय खेळाचे यंत्र आता आतून दिसू लागते. नवा भाग विकत घ्यावा, तर कालची दुर्मिळ तलवार आज कवडीमोल झालेली असते. पुन्हा तीच चढण, फक्त डोंगराचा रंग नवा. पंधराव्या वर्षी जे साहस वाटे, ते पस्तिशीत हजेरीपटासारखे वाटू लागते.

‘मड’चे जनक रिचर्ड बार्टल यांनी हे फार आधी ओळखले होते. आभासी जगांच्या रचनेवर २००३ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी खेळाडूच्या वाटचालीची तुलना पुराणकथांतल्या नायकाच्या प्रवासाशी केली आहे. नायक घर सोडतो, परक्या मुलखात जातो, कसोटीला उतरतो आणि बदलून घरी परततो. खेळाडू तिथे नाना रूपांत स्वतःलाच शोधत असतो. ते सापडले की खेळाची गरज उरत नाही. खेळाला शेवट नसला तरी खेळाडूच्या प्रवासाला तो असतो.

म्हणूनच काही वर्षांनी परतणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. जुन्या खेळाडूंच्या आग्रहामुळे २०१३ मध्ये रूनस्केपची आणि २०१९ मध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू झाली. लाखो लोक धावले. काही जण रमले. अनेकांच्या लक्षात आले, की जंगल तेच आहे, संगीत तेच आहे, पण आपल्याला आठवत होते ते आपले सोळावे वर्ष. ते कोणत्याही सर्व्हरवर मिळत नाही.

जे आई-वडिलांना दिसले नाही

पण मोठे होणे म्हणजे मागचे सारे फोल होते, असे मानणे नव्हे. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाची हकीगत या संदर्भात प्रत्येक पालकाने जाणून घ्यावी अशी आहे. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजारामुळे तो लहानपणापासून चाकाच्या खुर्चीला जखडलेला. दिवसाचे कित्येक तास तो वॉरक्राफ्ट खेळे. मुलगा एकाकी आहे, त्याला मित्र नाहीत, त्याने कोणावर प्रेम केले नाही, या विचाराने आई-वडील कष्टी होत. २०१४ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी तो वारला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी दिली आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. खेळात ‘इबेलिन’ या नावाने वावरणाऱ्या मॅट्सने कोणाला निराशेतून सावरले होते, कोणा आईला तिच्या मुलाशी बोलण्याची वाट दाखवली होती. खेळातले काही सोबती तर अंत्यविधीला येऊन उभे राहिले. २०२४ मध्ये त्याच्या जीवनावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला.

मॅट्सला खेळाच्या बाहेर पडण्याची संधीच मिळाली नाही. ज्यांना मिळते, त्यांच्या हातूनही काही खरे सुटत असते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

सवय कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

सर्वच जण आपोआप बाहेर पडतात असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसॉर्डर’ची नोंद झाली असून हे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. किती तास खेळतो यावर हा आजार ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची तीन लक्षणे. ती साधारणपणे १२ महिने टिकून असावीत आणि शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंध त्यामुळे विस्कटलेले असावेत. दिल्लीतल्या एम्समध्ये अशा वर्तणुकीच्या व्यसनांसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले. मयूर विहारहून मेट्रोच्या पिंक लाईनने दिल्ली हाट-आयएनएला उतरले, की यलो लाईनवरचे पुढचेच स्टेशन एम्स. गरज असेल तर तिथे जाण्यात कमीपणा कसला?

निव्वळ बंदीने काय साधते? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाईन खेळण्यास मनाई केली. दहा वर्षांच्या अनुभवानंतर हा कायदा रद्द झाला आणि वेळेचा निर्णय पालक व मुले यांच्यावर सोपवण्यात आला. भारतात २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. ज्या खेळांबद्दल आपण बोलत आहोत, ते त्या जातीचे नव्हेत. त्यात पणाला लागतो तो पैसा नव्हे, वेळ.

निरोप नीट घ्यावा

ज्याला खेळ आता पुरेसा वाटू लागला आहे, त्याने रागाच्या भरात पात्र पुसून टाकू नये. असे करणारे बहुधा महिनाभरात नवे पात्र घेऊन परततात. त्यापेक्षा जुन्या सोबत्यांना सांगून थांबावे. ज्यांच्याशी खरे सूर जुळले, त्यांचे फोन नंबर मागून घ्यावेत. जमवलेले सोने, शस्त्रे एखाद्या नवख्याला देऊन टाकावीत. देताना हात हलका होतो आणि मनही. आणि मोकळ्या झालेल्या तासांसाठी आधीच काही ठरवून ठेवावे. त्यातही चार माणसे आणि थोडी चढण असेल, तर उत्तम. रविवारचे क्रिकेट, गाण्याचा वर्ग, गणेशोत्सवातले नाटक, काहीही चालेल. रिकामी संध्याकाळ मात्र पुन्हा संगणकाकडेच नेते.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. ‘दहा वर्षे फुकट घालवलीस, आता अक्कल आली!’ हे वाक्य टाळावे. त्याऐवजी ‘तुझ्या त्या संघात काय काय व्हायचे?’ एवढे विचारून पाहावे. चाळीस अनोळखी माणसांना एका कामाला लावणे, हरल्यावर कोणावर न ओरडता पुन्हा उभे राहणे, परक्या भाषेत थट्टा समजून घेणे, हे त्याने तिथेच शिकलेले असते. आपल्या घरातल्या माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे आपण कधी ऐकलीच नाहीत, हे कित्येक आई-वडिलांना आणि जोडीदारांना तेव्हा प्रथमच कळते.

भातुकली खेळणाऱ्या मुलीला ‘आता भातुकली पुरे’ असे कोणी सांगावे लागत नाही. एके दिवशी ती बोळकी माळ्यावर ठेवते आणि पुढे तिच्या लेकीसाठी खाली काढते. त्या बोळक्यांत शिजलेला भात खोटा असतो. ज्यांना तो वाढला, त्या मैत्रिणी खऱ्या असतात.