चार सेकंदांत पाच गोळ्या : वेग येतो कुठून?

पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल हा ऑलिंपिकमधला नेमबाजीचा प्रकार. नेमबाजासमोर पाच लक्ष्ये एका ओळीत असतात. पिस्तूल धरलेला हात खाली, ४५ अंशांच्या कोनात. हिरवा दिवा लागला की हात उचलायचा आणि प्रत्येक लक्ष्यावर एक, अशा पाच गोळ्या झाडायच्या. पहिल्या दोन मालिकांना प्रत्येकी आठ सेकंद मिळतात, पुढच्या दोनांना सहा आणि शेवटच्या दोनांना फक्त चार. दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. याच प्रकारात विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवले. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातही अर्धी स्पर्धा वेळेशी असते. लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुले होते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी, मग सात सेकंदांची विश्रांती. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.

हे पाहून घराघरांतली मुले पिस्तुलाकडे वळू लागली, आणि पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आमच्या मुलाचा हात एवढा वेगाने चालेल का?’ शरीरशास्त्राचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. चांगल्या नेमबाजाचा हात इतरांपेक्षा फारसा वेगवान नसतो. तो फक्त वेळ वाया घालवत नाही.

चार सेकंदांचा हिशेब मांडून पाहू. दिवा डोळ्यांना दिसून हात हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. हा काळ सरावाने फार कमी होत नाही. हात वर येऊन पहिली गोळी सुटेपर्यंत दीड-दोन सेकंद निघून जातात. उरलेल्या वेळात आणखी चार गोळ्या. शेजारच्या दोन लक्ष्यांमधले अंतर ७५ सेंटिमीटर असते. पंचवीस मीटरवरून पाहिले तर हे वळण दोन अंशांपेक्षाही कमी. एवढ्यासाठी मनगट किंवा कोपर हलवले तर नेम बिघडतो. म्हणून कसलेला नेमबाज हात खांद्यापासून पक्का ठेवतो आणि कमरेतून सगळे धड एकत्र फिरवतो.

वेग आणि अचूकता यांचे भांडण जुने आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये ते मोजून दाखवले. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला जास्त वेळ लागतो; घाई केली की चूक वाढते. घाईत सुईत दोरा ओवणाऱ्या कोणालाही हा नियम ठाऊक असतो. सराव हा नियम मोडत नाही. सरावाने होते ते एवढेच, की त्याच वेळेत अनावश्यक हालचाल, अनावश्यक ताण आणि अनावश्यक विचार कमी होतात.

यासाठीच वेळ लावून केलेले सराव असतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी वेळेचे बंधन न ठेवता अचूकता, मग आठ सेकंद, मग सहा आणि शेवटी चार. एखाद्या टप्प्यावर गोळ्या विखुरू लागल्या की मागच्या टप्प्यावर परत यायचे. कारण मेंदूला चांगली आणि वाईट सवय यांतला फरक कळत नाही. ज्याची पुनरावृत्ती होते ते तो पक्के करतो. घाईने चाप ओढण्याचा सराव हजार वेळा केला, तर हजार वेळा चुकण्याचाच सराव होतो. ‘स्नायूंची स्मृती’ असे आपण म्हणतो, पण ही स्मृती स्नायूंत नसते. ती मेंदूत, विशेषतः लहान मेंदूत आणि मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांत घडते.

याचे जिवंत उदाहरण म्हणजे हंगेरीचे कारोली टाकाच. सैन्यात असलेल्या या नेमबाजाच्या उजव्या हातात १९३८ मध्ये सरावादरम्यान हातबॉम्ब फुटला आणि तो हात निकामी झाला. त्यांनी गाजावाजा न करता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९४८ मध्ये लंडनला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी डाव्या हाताने रॅपिड फायर पिस्तुलाचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. एका हाताने शिकलेले कौशल्य काही प्रमाणात दुसऱ्या हाताकडे जाते, हे विज्ञानाने नंतरही अनेक प्रयोगांत दाखवले आहे. कामाचा आराखडा हातात नसून मेंदूत असतो, म्हणूनच हे शक्य होते. अर्थात, उरलेला मोठा भाग घाम गाळूनच मिळवावा लागतो.

आता थरथरीबद्दल. कोणाचाही हात पूर्ण स्थिर नसतो. निरोगी हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरतो. थकवा, भीती, जागरण, जास्त चहा-कॉफी यांनी ही थरथर वाढते. नवखा नेमबाज पिस्तूल पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहतो. तो क्षण आल्यासारखा वाटला की चाप झटक्याने ओढतो आणि गोळी खाली जाते. धक्का आणि आवाज येणार हे माहीत असल्याने शरीर आधीच आक्रसते, हे दुसरे कारण. वेळेच्या सरावातून शिकायचे ते हेच, की थोडी थरथर असतानाही चाप एकसारख्या दाबाने मागे न्यायचा आणि नजर पिस्तुलाच्या पुढच्या खुणेवर ठेवायची. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकते. खूण स्पष्ट आणि लक्ष्य थोडे धूसर, हेच योग्य.

आक्रसण्याची सवय मोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोळीविना सराव, ज्याला नेमबाज ड्राय फायरिंग म्हणतात. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करायची, खोलीत गोळ्या ठेवायच्या नाहीत आणि तोंड नेहमी सुरक्षित दिशेला. रोज वीस मिनिटांचा असा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या तीन तासांच्या दमछाकीपेक्षा जास्त टिकतो. विश्रांती आणि रात्रीची झोपही सरावाचाच भाग आहे, कारण दिवसा शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो.

थरथर कमी करणारी गोळी का घेऊ नये, असा मोह काहींना होतो. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधे हृदयाची गती आणि थरथर कमी करतात. म्हणूनच नेमबाजीत ती स्पर्धेच्या वेळी आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची दोन पदके प्रोप्रॅनोलॉलमुळे काढून घेण्यात आली. हीच औषधे रक्तदाब, अर्धशिशी, धडधड, थायरॉइड यांसाठी सर्रास दिली जातात. म्हणून खेळाडूने डॉक्टरांकडे जाताना आपण नेमबाज आहोत हे आधी सांगावे. मात्र चालू असलेले औषध मनाने अचानक बंद करू नये. त्याने हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतो. पर्याय काढणे किंवा रीतसर परवानगी मागणे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

पदकांच्या गप्पांत दोन गोष्टी मागे पडतात : कान आणि शिसे. जवळपास सर्वच बंदुका-पिस्तुलांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. अशा एकाच स्फोटाने कानाच्या आतल्या केसपेशी कायमच्या मरू शकतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात, म्हणजे बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकू येईनासे होतात. त्यामुळे अशा व्यक्तीला ‘ऐकू येते, पण कळत नाही’ असे वाटते. सरावानंतर कानात शिट्टी किंवा गुंजन येत असेल, तर तो इशारा आहे. कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक, अशी दुहेरी सोय करावी. शेजारी उभ्या प्रशिक्षकाने आणि पाहायला आलेल्या पालकांनीही.

शिशाचा धोका तर दिसतही नाही. गोळी शिशाची, तिच्या तळाशी असलेल्या स्फोटक मिश्रणातही बहुधा शिसे. प्रत्येक गोळीबरोबर त्याचे बारीक कण हवेत, हातांवर आणि कपड्यांवर बसतात. थकवा, चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे. ती इतकी साधी असतात, की शिशाकडे कोणाचे लक्षच जात नाही. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गर्भारपणात तिथून बाहेर पडून बाळापर्यंत पोहोचते. मुलांच्या मेंदूला तर अल्प प्रमाणही घातक. त्याचे सुरक्षित असे प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपाय कठीण नाहीत. रेंजवर खाऊ-पिऊ नये. सरावानंतर हात आणि चेहरा साबण-पाण्याने धुवावा, कारण सॅनिटायझरने शिसे निघत नाही. सरावाचे कपडे वेगळे धुवावेत आणि बूट घराबाहेर ठेवावेत. बंद रेंजमध्ये हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे वाहायला हवी, आणि जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, कारण त्याने धूळ उडते. नियमित गोळीबार करणाऱ्यांनी आणि रेंजवरच्या कर्मचाऱ्यांनी अधूनमधून रक्तातले शिसे तपासून घ्यावे. गरोदर खेळाडूने रेंजवर जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुलाला या खेळात घालताना पालकांनी क्लबमध्ये किती पदके आहेत हे जरूर विचारावे. पण त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रशिक्षक अचूकता पक्की होण्याआधी घड्याळ लावतो का, प्रत्येकाच्या कानावर संरक्षण आहे का, आणि हात धुवायला साबण ठेवला आहे का.