शब्दांचे बांध कोणी घातले?

इंग्रजीतल्या जवळजवळच्या शब्दांमधला फरक कोणी ठरवला, हे शोधत मागे गेलं की पहिल्याच वळणावर एक गणितज्ञ भेटतो. जॉन वॉलिस, ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह त्यांनी १६५५ मध्ये वापरात आणलं. त्याआधी दोन वर्षं, १६५३ मध्ये, परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावं म्हणून त्यांनी या भाषेचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची प्रसिद्ध वाटणी त्यात आहे. माणूस स्वतःबद्दल बोलत असेल तर ‘शॅल’ म्हणजे नुसतं भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. समोरच्याबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलायचं, तर नेमकं उलट.

नियम गणितज्ञालाच सुचावा इतका नेटका होता. पुढच्या व्याकरणकारांनी तो उतरवून घेतला, त्याला पोटनियमांचे फाटे फोडले. त्यावरून एक विनोदही चालत आला. बुडणारा परका माणूस, कधी स्कॉटिश तर कधी आयरिश, घाबरून दोन्ही शब्दांची अदलाबदल करतो. त्यामुळे त्याच्या आरोळीचा अर्थ ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवायचं नाही’ असा होतो आणि काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात. या विनोदात व्याकरणापेक्षा तुच्छताच जास्त होती. १९२५ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटकं तपासली, तर पात्रं नियमाप्रमाणे बोलतच नव्हती. स्वतःबद्दल बोलतानाही ती सर्रास ‘विल’ म्हणत होती.

भारतात मात्र हा नियम शाळेच्या बाकावर पक्का बसला, तो ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणामुळे. त्यातले पी. सी. रेन हे तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत मुख्याध्यापक होते आणि ‘बो झेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखकही. परीक्षेपुरता पाठ केलेला ‘शॅल’ मुलं विसरून जात, पण कायद्यात तो ठाण मांडून राहिला. घटनेच्या ३२० व्या कलमात काही बाबतींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल ‘शॅल’ आहे. सल्ला घेतला नाही तर कारवाई बाद ठरते का? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, नाही. ‘शॅल’ लिहिलं म्हणून तरतूद बंधनकारक होतेच असं नाही. अमेरिकेने २००७ मध्ये संघीय दिवाणी कार्यपद्धतीचे नियम नव्याने लिहिताना हा शब्दच काढून टाकला.

‘शॅल’-‘विल’खेरीज इतर शब्दांचेही बांध घातले जात होते. अठराव्या शतकात समानार्थी शब्दांमधले भेद सांगणारी पुस्तकं निघू लागली. फ्रान्समध्ये जिरार यांनी १७१८ मध्ये घालून दिलेल्या वाटेने इंग्लंडात १७६६ मध्ये जॉन ट्रस्लर गेले. १७९४ मध्ये हेस्टर पियोझी यांचे दोन खंड आले. या बाई कोशकार डॉक्टर जॉन्सन यांच्या स्नेही, नवरा इटालियन संगीतकार. परक्या माणसाची शब्दांत कुठे फसगत होते, हे त्यांच्या घरातच दिसत असणार! १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब आले. १८५२ मध्ये रॉजेट यांनी आपल्या कोशात शब्दांचे नुसते गट लावले आणि त्यांतले बारकावे वाचकावर सोडून दिले.

खरी गंमत ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ या जोडीची. पहिला म्हणजे निःपक्ष, दुसरा म्हणजे ज्याला रस नाही तो, असं आज शिकवतात. जुन्या लेखनात हिशेब उलटा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कवी जॉन डन यांनी ‘डिसइंटरेस्टेड’ रस नसण्याच्या अर्थाने वापरला आणि ‘अनइंटरेस्टेड’चा मूळ अर्थ निःपक्ष असाच होता. अठराव्या शतकात दोघांनी जागा बदलल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्याने जुना अर्थ पुन्हा उचलला, तेव्हा भाषा बिघडल्याची ओरड झाली.

हेन्री फाउलर यांचं इंग्रजीच्या वापरावरचं १९२६ मधलं पुस्तक या ओरडीला शिस्त लावणारं. अर्थ मर्यादित करणाऱ्या उपवाक्याला ‘दॅट’, जादा माहिती देणाऱ्याला ‘विच’, अशी वाटणी त्यांनी सुचवली. बहुतेक लेखक असं करत नाहीत, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं. अमेरिकी संपादकांनी सूचना तेवढी घेतली, कबुली वगळली.

१९६१ मध्ये वेब्स्टरच्या तिसऱ्या मोठ्या कोशावरून रण पेटलं. लोक जसे बोलतात तसे अर्थ नोंदवणं हा त्याचा गुन्हा. पुढच्याच वर्षी रेक्स स्टाउट यांच्या ‘गॅम्बिट’ कादंबरीत गुप्तहेर नीरो वुल्फ हा कोश पान-पान फाडून शेकोटीत जाळतो. कारण काय, तर सूचित करण्याच्या ‘इम्प्लाय’च्या जागी अनुमान काढण्याचा ‘इन्फर’ चालतो असं कोश म्हणतो. वुल्फला सर टॉमस मोर यांचीही पुस्तकं जाळावी लागली असती. ‘इन्फर’चा तसा वापर त्यांनी १५३३ मध्येच केला होता. वेब्स्टरच्या कोशावर चिडलेल्या ‘अमेरिकन हेरिटेज’ या प्रकाशनसंस्थेने १९६९ मध्ये आपला स्वतंत्र कोश काढला आणि वादग्रस्त शब्दांवर मत द्यायला लेखक-संपादकांचं मंडळ नेमलं.

एवढ्या गलबल्यात सर्वांत चिवट ठरलं ते एका हौशी माणसाचं मत. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये लिहिलं की संख्येसाठी ‘लेस’पेक्षा ‘फ्यूअर’ बरा वाटतो. बरा वाटतो, इतकंच. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ तर नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या लेखनातही होता. तरी बेकर यांच्या आवडीचा नियम झाला आणि तो थेट किराणा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचला. दहापर्यंत वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरच्या ‘लेस’वरून ब्रिटनमध्ये इतकी कुरकुर झाली की २००८ मध्ये टेस्को कंपनीने पाट्या बदलायचं ठरवलं. साध्या इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या एका संस्थेचा सल्ला तिने घेतला. नव्या पाट्यांवर ‘लेस’ नव्हता आणि ‘फ्यूअर’ही नव्हता. कंपनी ‘अप टू टेन आयटम्स’ लिहून मोकळी झाली.