वरून काळा रंग, आत गंज
धरमपेठेतल्या जुन्या जोंगाच्या दुरुस्तीतून घेण्यासारखे काही

धरमपेठ म्हटली की बंगले, दवाखाने आणि झगमगती दुकाने डोळ्यांपुढे येतात. पण या वस्तीच्या आतल्या गल्ल्यांतही हातावर पोट असणारी माणसे दिवसभर राबत असतात. अशाच एका गल्लीत, बंगल्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, आम्ही या उन्हाळ्यात एका जुन्या लष्करी गाडीची दुरुस्ती पाहिली. गाडी होती जोंगा. दुरुस्त करणारे मिस्त्री होते उत्तर नागपुरातून रोज सायकलने येणारे, पन्नाशी ओलांडलेले एक वेल्डर. सोबत आयटीआयमध्ये शिकणारा त्यांचा भाचा.

नव्या पिढीला जोंगा ठाऊक नसेल. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून ही गाडी लष्करासाठी तयार होऊ लागली. मूळ नमुना जपानच्या निसान कंपनीच्या पॅट्रोल नावाच्या गाडीचा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून ‘जोंगा’ हे नाव झाले. सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ताकद. डोंगर, चिखल, वाळू कशालाही न जुमानणारी. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या आणि हातोहात फिरत शौकिनांच्या दारी आल्या.

या गाडीचे मालक एक निवृत्त गृहस्थ. नातवंडांना घेऊन रामटेकला जाऊ, एवढीच त्यांची हौस. इंजिन चालू होते. खालून काळा रंग मारलेला, सगळे ठाकठीक दिसत होते. मागच्या पाट्याजवळ थोडा गंज आहे, तेवढी एक पट्टी मारून द्या, असे त्यांनी मिस्त्रींना सांगितले.

मिस्त्रींनी वेल्डिंग मशीन लगेच जोडले नाही. लहान हातोडी घेतली आणि गाडीखाली शिरून चेसिस पुढून मागे ठोकत गेले. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, बॉडी, पाटे, सगळ्यांचा भार त्यावरच. पुढे आवाज खणखणीत येत होता. मागच्या चाकापाशी तो एकदम बद्द झाला. त्यांनी पेचकस टेकवून दाबला, तो सरळ आत गेला. भोकातून ओंजळभर लाल खपल्या आणि वाळलेली माती खाली पडली.

“काका, पट्टी मारून देतो म्हटलं तं आजच देतो,” मिस्त्री म्हणाले. “दोन पावसाळे चांगली दिसन. मंग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक मारला की पाटा जागेवरून सुटन. गाडीत तुमचे नातू बसतीन.”

त्या आठवड्यात त्यांच्या हाती दुसरे काम नव्हते, हे आम्हाला नंतर कळले. पट्टी मारून पैसे घेतले असते तर कोणी विचारणारे नव्हते. मालक दोन दिवस विचारात पडले आणि मग म्हणाले, “मिस्त्री, पुरते उघडा.” मजुरी रोजाने आणि सामान वेगळे, असे ठरले. आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून अशा कामाचा ठोक दर आधी सांगणे दोघांच्याही तोट्याचे असते.

गंजाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो, आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून एकावर एक बसवलेले दोन पत्रे तो फुगवून अलग करतो. चाकांनी उडवलेली माती पोकळ तुळईत साचते, पाणी निघण्याची भोके बुजतात आणि पावसाळ्यातली ओल महिनोन्‌महिने आत राहते. वरून पट्टी ठोकली की ओल आणखी कोंडते. शिवाय कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही.

मग काम सुरू झाले. आधी बॅटरीची तार सुटी केली आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. गाडी जॅकवर उचलली, पण जॅकच्या भरवशावर कोणी खाली गेले नाही. चार मजबूत लोखंडी घोड्या लावल्या, मगच बॉडी सुटी करून उतरवली.

कापण्याआधी मोजमाप. मिस्त्रींनी पाट्यांच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या. पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजवीपर्यंत आणि उलट, अशी दोन तिरकी मापे घेतली. दोन्ही सारखी आली, म्हणजे चेसिस वाकडी झालेली नव्हती. मग आतून लोखंडी आधार टाचून घेतले, म्हणजे कापताना ती हलणार नाही.

ग्राइंडरने गंजलेला भाग चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत कापला. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वाकवून बसवला. जोड सरळ आडवा न ठेवता तिरका ठेवला, कारण सरळ जोडावर सगळा ताण एकाच रेषेत येतो आणि तिथेच तडा जातो. वेल्डिंग थोडे इकडे, थोडे तिकडे असे केले, म्हणजे उष्णतेने लोखंड पिळत नाही. पुन्हा ओळंबा, पुन्हा तीच मापे. शेवटी तारेच्या ब्रशने घासून त्याच दिवशी रेड ऑक्साइड, त्यावर रंग, पोकळीत तेल, आणि पाणी निघण्याची भोके मोकळी.

एका जागेला मिस्त्रींनी हात लावला नाही. चेसिसवर कोरलेला नंबर. तो नोंदणीपुस्तकातल्या नंबराशी जुळावा लागतो. त्याच्याशी छेडछाड केली तर मालक आणि कारागीर दोघेही अडचणीत येतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१ साली आले. त्यांतही गाडी मूळ रूपातच हवी, चेसिसमध्ये बदल चालत नाही. म्हणून असे काम काढण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे आणि जुन्या-नव्या भागांचे फोटो ठेवावेत.

आता आमच्या घरांविषयी. आपल्यापैकी पुष्कळ घरांत कोणी ना कोणी वेल्डर, मेकॅनिक किंवा हेल्पर आहे. वेल्डिंगचा झगमगाट पाहायला गल्लीतली मुले जमली, तेव्हा मिस्त्रींनी मशीन बंद करून आधी त्यांना लांब पाठवले. त्या उजेडाने रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. साधा गॉगल कामाचा नाही, वेल्डिंगचीच काळी काच हवी. डोळे दुखले तर दूध किंवा बटाट्याचा रस घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास धुराने ताप भरतो. मुलामा आधी घासावा आणि काम मोकळ्या हवेत करावे.

दुसरे म्हणजे, आपली माणसे पै-पै जमवून, कर्ज काढून जुना टेम्पो किंवा मालवाहू रिक्षा घेतात. खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर खुश होऊ नका. मालकाच्या परवानगीने हातोडीने ठोकून पाहा, पाट्यांच्या जागा आणि मागचा आडवा दांडा नीट तपासा, नंबर पुस्तकाशी जुळवा. सोबत जाणत्या मिस्त्रीला न्या आणि त्याची त्या दिवसाची मजुरी द्या. ती वाचवायला जाल तर पुढे सगळी गाडीच जाईल.

मृगाच्या आधी जोंगा चाकांवर उभी राहिली. पहिली फेरी मिस्त्रींनी भाच्याला शेजारी बसवून अंबाझरीपर्यंत मारली. परत येताच दोघेही पुन्हा गाडीखाली शिरले आणि प्रत्येक जोड हातोडीने ठोकून पाहिला. या वेळी आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता.